सिंहगुटीच्या दोन हंड्यांची हकीकत

श्रीधन्वंतरी प्रसन्न असोत; प्रसन्न नसल्यास निदान दूर असोत. शके सत्राशें, साठांच्या गणतींत न बसलेलें कटुनाम संवत्सर, ते समयीं एका राज्यांत, ज्याचें नांव घेतल्यास तोंड कडू होतें, महाज्वर उठला आणि घरोघरीं माणसें निजलीं. मग राजवैद्य आबाशास्त्री मुळे यांणीं सिंहगुटी नामें गोळी सिद्ध केली आणि महाराजांस अर्ज केला कीं, गोळी पोटांत जातांच ज्वर शेपूट घालून पळतो. महाराज संतोष पावले. परंतु राज्यीं रिवाज ऐसा कीं, पारखी घराण्यानें पारखल्याविना कोणतेंही औषध प्रजेच्या मुखीं पडूं नये. त्या घराण्यांत निंबाजीपंत पारखी म्हणून गृहस्थ होते. मीठदेखील दोनदां चाखावें आणि मग 'खारट' म्हणावें, ऐसा स्वभाव. त्यांची रीत ऐकावी. दोन हंड्या मांडाव्या, एकींत खरी गोळी, दुसरींत गव्हाच्या पिठाची. रूप तेंच आणि कडूपणाही तोच, कारण पिठांत कडुनिंबाचा रस मळीत. चिठ्ठ्या टाकून रोग्यांच्या दोन रांगा कराव्या आणि डाव्या रांगेस डाव्या हंडींतून द्यावें, उजव्या रांगेस उजव्या. कोणत्या हंडींत काय, हें घेणारास ठाऊक नाहीं, देणारासही नाहीं. हंड्या भरणारा महादू गुरव एकटा जाणे, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कोणी ताडूं नये म्हणून परीक्षा संपेतों त्यास नदीपार घालवीत. शेवटीं पारख्यानें दरबारीं शपथ वाहावी कीं रांग मोडली नाहीं, आणि मग गुरवानें येऊन सांगावें. पंत म्हणत, "माझा विश्वास नदीपार ठेविला आहे. गुरव येतांना घेऊन येईल."

परंतु दैव मोठें खट्याळ. पंतांची थोरली बहीण येसूअक्का, जिणें आईमागें त्यांस वाढविलें, तीच ज्वरानें पडली आणि तिची चिठ्ठी निघाली डाव्या रांगेची. थोडक्याच दिवसांत उजव्या रांगेंत गलबला जाहला. रोगी सांगूं लागले, "कानांत घंटा वाजतात, पण ताप उतरला," आणि उठून भाकरी मागूं लागले. डावी रांग तैशीच तापत राहिली. पिठानें कोणाचे कानीं घंटा वाजत नाहींत, हें कळण्यास पारखी कशास पाहिजे? अक्कांनीं ओळखिलें आणि बोलिल्या, "कां रे निंब्या, सख्ख्या बहिणीला पिठाच्या रांगेंत निजवलंस? पीठच खायचं तर घरच्या पोळ्या काय वाईट होत्या?"

"अक्का, गुरव यायचा आहे."

"ये म्हणावं. मला पोंचवायला एक खांदा होईल."

तें बोलणें पंतांचे काळजांत रुतलें, आणि ज्यांणीं जन्मांत मिठावर विश्वास ठेविला नाहीं त्यांणीं आबाशास्त्र्यांच्या गोळीवर ठेविला, आणि उजव्या हंडींत हात घालून अक्कांस आपल्या हातें गोळ्या चारिल्या. मग ज्वर उतरला आणि कानीं घंटा वाजल्या आणि अक्का हंसून म्हणाल्या, "देवळांत निजल्यासारखं वाटतंय रे," आणि पिठलें मागितलें. पिठलें चुलीवर होतें, तोंच हृदय थांबलें. मग उजव्या रांगेंतलीं हंसतीं बोलतीं माणसेंही एकामागें एक तैशींच गेलीं. आणि डावी रांग, जी पिठावर तापत पडली होती, ती कण्हतकुंथत उठली आणि आपल्या पायीं घरीं गेली.

दरबार भरला. खोटी शपथ वाहावी तर गोळी बुडते आणि राज्य वांचतें. खरें बोलावें तर परीक्षा बाटते. पंतांनीं हंडीवर हात ठेविला आणि सात पिढ्यांची खोड आडवी आली. बोलिले, "रांग मोडली. मीच मोडली. अक्का उजव्या हंडीनें गेली. तिला गणतींतून काढा, पण उरलेल्यांचं तरी ऐका!"

आबाशास्त्री तत्काळ उठले. "महाराज, पारखी स्वमुखें सांगतात, परीक्षा बाटली. बाटल्या परीक्षेचा पुरावा कसला? माणसें ज्वरानें गेलीं असतील, नशिबानें गेलीं असतील. गोळीवर दोष शाबीत नाहीं." महाराजांनीं मान डोलाविली. महादू गुरव नदीपारहून येऊन दारांत उभा होता, त्यास कोणी विचारिलेंच नाहीं. मग पंतांस सत्यवचनाबद्दल शालजोडी जाहली आणि गोळीस नगारा जाहला, आणि पाठशाळेंत वैद्यकीचे विद्यार्थी पहिला पाठ घोकूं लागले, 'कानीं घंटा वाजे, तो गुण जाणावा.'

पुढें आबाशास्त्री स्वतः तापले. त्यांणीं सर्वांस बाहेर घालविलें आणि पंतांस बोलावून हळूच पुसिलें, "पंत, त्या डाव्या हंडींतल्या कांहीं उरल्या आहेत का हो?" पंतांनीं त्याच दोन हंड्या आणून उशाशीं मांडिल्या.

"यांतली डावी कोणती?"

"मला ठाऊक नाहीं. महादूकडून जागा बदलून घेतल्या आणि त्याला नदीपार धाडला. रिवाज आहे, शास्त्रीबोवा. घाला हात."

शास्त्रीबोवांनीं एकीकडे हात नेला आणि मागें घेतला, दुसरीकडे नेला आणि मागें घेतला. शेवटीं दोन्ही हंड्यांवर पांघरूण घातलें आणि भिंतीकडे तोंड करून पेज पीत पडून राहिले, आणि बरे जाहले. नगरांत साखर वांटली कीं, सिंहगुटीनें राजवैद्य वांचले.

सारांश, त्या राज्यीं ज्यानें गोळी केली तो तिला शिवला नाहीं, आणि ज्यानें बहिणीस चारिली तो शालजोडी पांघरून बसतो, आणि देवळांत घंटा वाजली कीं कानांत बोटें घालतो. हकीकत येथें सरली. वाचणारानें चूळ भरावी.