काटेगुरुजींची फळी

एका जंगलात, बाळांनो, जमीन अधूनमधून हलत असे. फार नाही, एखाद्याने झोपेत कूस बदलावी इतकीच. पण एका वर्षी तिने जरा जोरात कूस बदलली आणि अर्धी टेकडी खाली आली.

तुम्ही म्हणाल, जनावरांना भूकंप आधीच कळतो ना? माणसं तसं म्हणतात खरी. ते जनावरांच्याही कानावर गेलं होतं, आणि म्हणूनच ती निर्धास्त होती. सशाला वाटे, आपल्याला नाही तरी हत्तीला कळेल. हत्तीला वाटे, मुंगीला कळेल. मुंगीला कामातून वेळ नव्हता.

टेकडी पडल्यावर सगळ्यांना जाग आली. आता कुणीतरी शिकवायला हवं, असं ठरलं. भूकंपाच्या आधी काय करावं, चालू असताना काय करावं आणि नंतर काय करावं. हे काम काटेगुरुजी नावाच्या साळिंदराकडे आलं. कारण टेकडी कोसळताना सगळं जंगल बोंबलत सैरावैरा पळालं होतं, एकटे गुरुजी आपल्या बिळात शांत होते. लोक त्याला धीर म्हणाले. खरं म्हणजे गुरुजी झोपले होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि पुढे पुढे स्वतःलाही सांगायचं सोडून दिलं.

शिकवायचे मात्र मनापासून, हे कबूल करायला हवं.

"जड वस्तू खाली ठेवा," ते सांगत. "झोपायच्या जागेच्या वर तर काहीच नको. पाण्याचा भोपळा भरून दाराशी ठेवा. हलायला लागलं की धावू नका. खाली बसा, डोकं झाका, भक्कम असेल ते घट्ट धरा. थांबलं की आधी जवळच्या जिवाकडे बघा, त्याला घेऊन बाहेर पडा, आणि वस्तू आणायला मागे फिरू नका. दुसरा धक्का येतोच."

सगळे माना डोलवत. टाळ्या वाजवत. मग घरी जाऊन अस्वल मधाचं मडकं नेहमीच्याच जागी, म्हणजे म्हाताऱ्या आईच्या उशाच्या वर ठेवी आणि झोपी जाई.

त्या जंगलाची एक रीत होती. बोलायला आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवायचं नाही. शाल, नारळ आणि स्मृतिचिन्ह. शाल गुरुजींच्या अंगावर घातली की तिची चाळण होई. नारळ त्यांची बायको द्रौपदाबाई चटणीला वापरी. राहता राहिलं स्मृतिचिन्ह. ते असे काळ्या दगडाचं, आणि त्यावर गुरुजींचं चित्र कोरलेलं. कोरणारा सुतारपक्षी. त्याचा हात बसलेला लाकडावर, त्यामुळे बऱ्याच दगडांवर गुरुजी उंदरासारखे दिसत.

हे सगळे दगड गुरुजींनी बिळातल्या एका फळीवर मांडले होते. फळी बिछान्याच्या बरोबर वर होती. आत शिरणाऱ्याची पहिली नजर तिथेच जाई.

"अहो, ते दगड खाली घ्या," द्रौपदाबाई म्हणत.

"खाली ठेवले तर दिसायचे कसे?"

"कुणाला?"

"आल्यागेल्याला."

"आपल्याकडे येतंय कोण?"

यावर गुरुजी रागावत. "जड वस्तू म्हणजे मडकी, पाटे-वरवंटे. हा सन्मान आहे. तुला त्यातलं काही कळत नाही."

लोकांना ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या कोरड्या पाषाणाची म्हण द्रौपदाबाईंना ठाऊक होती. पण फळीवर इतके पाषाण समोर असताना ती मुद्दाम म्हणण्याची गरज त्यांना वाटली नाही.

हसू नका, बाळांनो. ही गोष्ट सांगणाऱ्याच्याही उशाशी पुस्तकांचं एक उंच कपाट आहे, आणि ते भिंतीला पक्कं ठोकून घ्यायचं गेली सहा वर्षं ठरतं आहे.

मग गुरुजींच्या घरी मुलगी झाली. नाव ठेवलं सुई. तिचे काटे अजून गवतासारखे मऊ होते आणि झोपेत ती नाकाने बारीक आवाज करी. बिळातला कोरडा कोपरा एकच, बिछान्याचा. सुई तिथेच निजे.

"आता तरी," द्रौपदाबाई म्हणाल्या.

"गुरुवारचं एवढं होऊ दे," गुरुजी म्हणाले.

गुरुवारी सगळ्या जंगलाच्या वतीने त्यांना 'भूकंपमित्र' ही पदवी मिळाली. सोबतचा दगड एवढा मोठा होता, की तो घरी पोचवायला दोन रानडुकरं लागली. शुक्रवारी सकाळी तोही फळीवर चढला. फळी मधोमध वाकली.

द्रौपदाबाईंनी फळीकडे पाहिलं. मग निजलेल्या सुईकडे पाहिलं.

"संध्याकाळपर्यंत हे उतरले नाहीत तर मी एकेक ढकलून देईन," त्या म्हणाल्या आणि कंद निवडायला बाहेर अंगणात गेल्या.

गुरुजी मागच्या पायांवर उभे राहून नवा दगड पुसत होते. या दगडावर ते बरेचसे साळिंदरासारखे आले होते. त्यामुळे त्यांना जरा भरून आलं होतं.

तेवढ्यात जमीन हलली.

गुरुजींना सगळे नियम तोंडपाठ होते. धावू नका. ते धावले नाहीत. घट्ट धरा. त्यांनी घट्ट धरलं.

पण धरलं काय? तर भूकंपमित्र. दोन्ही पंजांनी त्यांनी तो दगड फळीशी दाबून धरला, तान्हं मूल कवटाळावं तसा. बीळ डोलत होतं, माती गळत होती आणि गुरुजींच्या मनात एकच गोष्ट होती, की याचा कोपरा उडता कामा नये.

मग खालून बारीक आवाज आला. सुई जागी झाली होती आणि वर बघत होती. फळीकडे नव्हे, बापाकडे.

तेव्हा गुरुजींना कळलं, आपण काय धरलं आहे आणि काय धरलेलं नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. पण लाजायलाही वेळ नव्हता. त्यांनी दगड सोडला आणि सुईवर पालथे पडले. पोट वर उचललं, चारही पाय जमिनीत रोवले आणि पाठीचा मांडव केला. मग फळी आली. नदीकाठचा सन्मान पाठीवर पडला. बांबूच्या बनातला पडला. वानरांच्या शाळेतले तीन एकदम पडले. भूकंपमित्र सगळ्यात शेवटी आला आणि त्याने मागचा पाय मोडला.

बाहेर द्रौपदाबाई झाडापासून लांब, डोकं झाकून बसल्या होत्या. आत धावावं म्हणून जीव तुटत होता. पण त्या हलल्या नाहीत. जमीन थांबली तशा उठल्या आणि आत शिरल्या.

"आधी ती," त्या म्हणाल्या, आणि गुरुजींच्या पोटाखालून सुईला ओढून काढलं. सुई रडत होती. तिच्या अंगावर ओरखडाही नव्हता. तिला बाहेर उघड्यावर ठेवून त्या परत आल्या आणि गुरुजींच्या पाठीवरचे दगड बाजूला लोटू लागल्या.

"जरा हळू," गुरुजी कण्हत म्हणाले. "तो मोठा तेवढा बाहेर..."

"वस्तू आणायला मागे फिरू नका," द्रौपदाबाई म्हणाल्या. "दुसरा धक्का येतोच."

त्यांनी गुरुजींना मानगुटीला धरून फरफटत बाहेर काढलं. ते अंगणापलीकडे पोचतात न पोचतात तोच दुसरा धक्का आला आणि बिळाचं तोंड मिटलं.

धूळ खाली बसली. मग गुरुजींनी विचारलं, "तू माझं व्याख्यान ऐकत होतीस?"

"रोज घरात तालीम करायचात. कान झाकायला मला मोकळे हात कधी होते?"

दोन दिवसांत जंगलभर झालं, की काटेगुरुजींनी कोसळता डोंगर पाठीवर झेलला आणि लेकीला वाचवलं. गुरुजींनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. द्रौपदाबाई पाल्याचा लेप लावत आणि गप्प राहत. त्यांचं ते गप्प राहणं मोडक्या पायापेक्षा जास्त ठणकत होतं.

व्हायचा तो सत्कार ठरलाच. अध्यक्ष गवाजीराव गवे डोळे पुसत म्हणाले, "असा बाप होणे नाही. त्यांनी आता दोन शब्द बोलावेत."

गुरुजी लंगडत उभे राहिले. पाठीवर काट्यांऐवजी खुंट उरले होते. समोर नेहमीचेच श्रोते होते, टाळीसाठी पंजे तयार ठेवून.

"डोंगर नव्हता," गुरुजी म्हणाले. "फळी होती. माझीच. वर तुम्ही दिलेले दगड होते. जड वस्तू खाली ठेवा असं सांगितल्याबद्दल दिलेले. ते मी लेकीच्या डोक्यावर मांडून ठेवले होते. जमीन हलली तेव्हा मी आधी दगड धरला. लेक नंतर आठवली."

ते थांबले. त्यांना पुढचं आठवेना, कारण याची तालीम झालेली नव्हती.

"आणि टेकडी पडली तेव्हा मी झोपलो होतो," एवढं बोलून ते खाली बसले.

कुणी टाळी वाजवली नाही. गवाजीराव चुळबुळले. सभा तिथेच मोडली. आभारप्रदर्शनही झालं नाही, आणि असं त्या जंगलात पूर्वी कधी झालं नव्हतं. सगळे खाली मान घालून निघून गेले.

आपली अब्रू गेली, असं समजून गुरुजी द्रौपदाबाईंच्या आधाराने निघाले. सुई आईच्या पाठीवर होती. अस्वलाच्या गुहेपाशी पोचतात तो धप्प असा आवाज आला. गुरुजी खाली बसले, त्यांनी डोकं झाकलं आणि शेजारचं मूळ घट्ट धरलं.

"भूकंप नाही हो," द्रौपदाबाई म्हणाल्या. "नीट ऐका."

गुहेतून अस्वल म्हणत होतं, "आई, जरा सरक. मडकं खाली घेतो."

पुढे रानडुकराच्या घरात पाटा-वरवंटा खाली येत होता. वानरांच्या झाडाखाली तर उतरवलेल्या सामानाचा ढीग झाला होता. वाटेवरच्या प्रत्येक घरातून तोच आवाज. इतकी वर्षं शिकवलं, इतक्या टाळ्या पडल्या, पण आजवर एकाच्याही उशावरून एक मडकंसुद्धा हललं नव्हतं. गुरुजी तिथेच, मुळाला धरून, रडत बसले. द्रौपदाबाईंनी त्यांना रडू दिलं.

तात्पर्य: बाळांनो, उपदेश करणाऱ्याने स्वतःचा उपदेश कधीही पाळू नये. पाळला तर त्याला इजा होत नाही, आणि इजा झाल्याशिवाय त्याचं कुणी ऐकत नाही. त्याच्या घरात मात्र एक तरी ऐकणारं असावं, नाहीतर तात्पर्य सांगायला तो उरत नाही.