रिकामे बसलेले कॉम्प्युटर

या, बसा. असा किस्सा सांगतो की चहा हातातच गार होईल.

मी कारखान्यातला बॉयलरवाला. शाळा लवकर सुटली ती सुटलीच, पण वाफेतलं मला शिकवणारा अजून जन्मायचाय! आमची सून तिथेच इंजिनियर. रसायन उकळून वेगळं करायचा जो उंच टॉवर आहे, तो तिने कॉम्प्युटरमध्ये खोटाखोटा चालवायला घेतला. कमीत कमी वाफेत कसा चालेल, ते शोधायला. एकट्या कॉम्प्युटरला आठवडा लागला असता, म्हणून सुट्टीच्या दिवशी ऑफिसातले सगळे जोडून कामाची वाटणी केली. सोबतीला मला नेलं. संध्याकाळी मोठ्या साहेबांना उत्तर दाखवायचं, नाहीतर बढती गेली.

"बाबा, जेवून येते. नुसतं लक्ष ठेवा."

"अगं, मी बॉयलर सांभाळलेत. ही खोकी काय चीज!"

ती गेली. बघतो तर एकच कॉम्प्युटर धापा टाकतोय, बाकीचे सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे निवांत. पडद्यावर नुसतं 'वेटिंग'. आता रिकामा बॉयलर पेटता ठेवणं आमच्या धंद्यात पाप. एकेकाचं बटण दाबत गेलो. तर तो कामसूही लाल अक्षरं ओकून गप्प.

सून आली ती दारातच खाली बसली.

"बाबा, बंद का केले?"

"रिकामे होते गं."

"आपलं काम संपवून शेवटच्याची वाट बघत होते ते. सगळी उत्तरं त्यांच्या पोटात होती!"

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि मी दारात खुर्ची टाकून बसलो. संध्याकाळी कोणीतरी आत घुसायला लागला.

"आत पाय टाकायचा नाही. काम चालू आहे."

"अहो, मी मोठा साहेब."

"मग बाहेरच्या मोठ्या खुर्चीत बसा."

आतून सून "बाबा, अहो बाबा" करतेय, पण मी हललो नाही. काम संपल्यावरच साहेबांना आत सोडलं.

उत्तर वाचता वाचता साहेब उभेच राहिले. "निम्म्या वाफेत टॉवर चालतो? बाई, बढती तुमची."

सगळ्यात जोरात टाळ्या मी पिटल्या.

"म्हणजे दुसरा बॉयलर बंदच करून टाकू," साहेब म्हणाले.

टाळी हवेतच राहिली. दुसरा बॉयलर माझा. सून माझ्याकडे बघेचना.

तर एवढं करा. ओळखीत कुठे बॉयलरवर माणूस हवा असेल, तर माझ्यासाठी शब्द टाका. फक्त तिथे कोणाची सून इंजिनियर आहे का, ते आधी विचारा.