आक्षेपार्ह पानांची यादी

१९८६ साली अमेरिकेतल्या सांता क्लाराच्या आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात एक अश्लील पुस्तक सापडलं. वाचनालय आमच्या ग्रंथपाल शरयूताई बेहेऱ्यांच्या गराजमध्ये भरायचं. शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या खोक्यात अठराव्या शतकातली एक फ्रेंच कादंबरी होती, इंग्रजी भाषांतरातली. शरयूताईंनी ती आधी स्वतः वाचली आणि मग फळीवर ठेवली.

अध्यक्ष नरेंद्र पारसनीस यांनी तातडीची बैठक बोलावली. पुस्तक काढून टाकावं यावर एकमत झालं. परंतु न वाचता पुस्तक काढू नये, असा मंडळाचा नियम होता. सबब पाच जणांची समिती नेमली. प्रत्येकाला एक आठवडा दिला. प्रत्येकाने मुदतवाढ मागितली.

कुटुंबांच्या नजरेला चुकूनही काही पडू नये, म्हणून समितीतल्या मोहन चित्र्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आक्षेपार्ह पानांची यादी केली. खबरदारी म्हणून ती एकशेबारा घरी पोस्टाने गेली. महिन्याभरात पुस्तकासाठी एकोणसत्तर जणांनी नंबर लावले.

वार्षिक सभेत शरयूताईंवर घाण पसरवल्याचा ठपका आला. त्या शांतपणे उभ्या राहिल्या.

"नरेंद्र, यादीबाहेरचं एक तरी पान तुम्ही वाचलंत?"

"शरयूताई, कमिटीचा स्कोप तेवढाच होता."

मग त्यांनी सांगितलं, की यादीबाहेरच्या पानांवर एक न्यायाधीश आहे. तो एका अनाथ मुलीला अनीतीबद्दल तुरुंगात धाडतो आणि घरी जाऊन स्वतः तेच करतो. लेखकाचा सगळा राग त्या न्यायाधीशावर आहे.

सभागृह गंभीर झालं. मोहनने पेन काढलं.

"घरी जाऊन एक्झॅक्टली काय करतो? ते पान लिस्टमधून मिस झालंय."

पुरवणी यादी आठवड्यात निघाली. शरयूताईंना एकमताने पदमुक्त करण्यात आलं. चिटणीस या नात्याने ठरावावर सही माझी होती. गराज रिकामं करायला मी गेलो, तेव्हा मान वर करून त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी मला चहा दिला.

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली आहे. सगळे शरयूताईंसाठी मनापासून हळहळतात, मंडळाला नावं ठेवतात आणि मग आवाज जरा खाली आणून पुस्तकाचं नाव विचारतात.

तुम्ही तर ते मघापासून शोधताय.