कोंबडी आत आल्याविषयीचे बावीस पाठ

माणूस जातो आणि त्याचा शब्द मागे राहतो, हे थोरांचं वचन खरंच आहे. मात्र मागे राहिलेला शब्द कोणत्या कपाटात ठेवायचा, हे कुणीतरी ठरवावं लागतं. डब्लिनमधलं लोककथा गोळा करणारं एक सरकारी खातं हे काम मोठ्या निष्ठेनं करत असे.

खात्याचा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉनेमाऱ्यातला संग्राहक म्हणजे कोलम मास्तर. सायकलला ध्वनिमुद्रणाचं धूड बांधून तो गावोगाव हिंडायचा, म्हाताऱ्यांच्या आयरिश गोष्टी मेणाच्या नळ्यांवर उतरवायचा, नळ्या पुन्हा पुन्हा ऐकून वहीत लिहायचा, आणि नियम चौदाप्रमाणे मेण तासून नळी कोरी करायचा. (मेण महाग होतं. म्हातारे फुकट होते.)

नियम नऊ म्हणे : सांगणाऱ्याचा एकही शब्द गाळू नये. नियम दहा म्हणे : लोकवाङ्मय नसलेला एकही शब्द लिहू नये. दोन्ही नियम एकाच साहेबांनी एकाच दुपारी केले होते. दोन्ही काटेकोर पाळणारा एकमेव माणूस म्हणून कोलमचा खात्यात लौकिक होता, आणि त्याला त्याचा थोडा अभिमानही होता.

नाताळाआधी त्यानं बार्टलीच्या बायकोची, सॉरखाची, गोष्ट अकरा नळ्यांवर घेतली. सातव्या नळीत, फक्त खालची फळी लावलेल्या अर्ध्या दारावरून कोंबडी आत आली, सॉरखा नवऱ्यावर काहीतरी ओरडली आणि गोष्ट पुढे चालू झाली. कोलमनं वहीत लिहिलं : (व्यत्यय. कोंबडी.) दोन्ही नियम पाळले गेले.

फेब्रुवारीत सॉरखा वारली. महिनाभरानं बार्टली अकरा मैल चालत, टोपीत बारा अंडी घेऊन कोलमच्या दारात उभा राहिला.

"मास्तर, तिची ती नळी लावा जरा. गोष्ट नको. ती माझ्यावर ओरडली तेवढंच."

कोलमनं खरं ते सांगितलं. नळी तासली गेली होती. आता तिच्यावर शेजारच्या परगण्यातला एक गृहस्थ गाईच्या सडांवरची चामखीळ गोगलगाईनं कशी घालवावी ते सांगत होता.

"तेच लावा मग," बार्टली म्हणाला. "खालून ऐकू येईल कुठंतरी."

त्यानं गोगलगाय तीन वेळा लक्ष देऊन ऐकली. मग टोपी घातली.

"पण ती ओरडली काय होती?" कोलमनं विचारलं.

"ते आठवत असतं तर अंडी घेऊन आलो असतो का? चाळीस वर्षं ओरडत होती मास्तर. कोण ध्यानात ठेवतो?"

कोलमला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यावर संग्राहक जे करतो तेच त्यानं केलं : तो संग्रहाला निघाला. मुद्रणाच्या दिवशी सॉरखाच्या खोलीत नऊ माणसं होती. त्यांच्याकडून त्या एका ओरडण्याचे बावीस पाठ (म्हणजे बावीस तऱ्हा) मिळाले. लोहार म्हणाला, "'दार लाव गाढवा, की तुलाच खुराड्यात घालू?' असं म्हणाली." लोहाराच्या बायकोच्या मते खुराड्याचा उल्लेख लोहाराच्या पदरचा होता. पाद्रीबाबांच्या आठवणीत सॉरखानं एक छोटी प्रार्थना म्हटली. सर्वात लांब पाठ, ज्यात कोंबडी ही शापित राजकन्या आहे, तो त्या दिवशी बाजाराला गेलेल्या माणसानं दिला.

खात्यात आनंदीआनंद झाला. खात्याची व्याख्या अशी की, ज्याचा एकच पाठ मिळतो ते नुसतं बोलणं, आणि ज्याचे तीन मिळतात ते लोकवाङ्मय. सॉरखाच्या खेकसण्याला क्रमांक मिळाला. इंग्रजी अनुवादक बाईंनी ते सभ्य भाषेत नेलं ("दाराकडे लक्ष असू द्यावे, ही विनंती") आणि तळटीप दिली की, कोंबडीपाठोपाठ गाढवही आत आले असावे, संग्राहकाने खात्री करावी. कोलमनं खात्री केली. बार्टलीकडे गाढव कधीच नव्हतं. तेव्हा बाईंनी टीप सुधारली : गाढवाचे मूळ फार प्राचीन दिसते.

एका रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर कोलम बाड घेऊन बार्टलीकडे गेला आणि बावीसच्या बावीस पाठ वाचायला बसला. बार्टली विस्तवाकडे बघत होता.

"हे तिचं नाही. हेही नाही. मास्तर, ही एवढी बडबड करणारी बाई कोण?"

अठरावा पाठ शेजारच्या बहिऱ्या केटचा होता. तिनं फक्त ओठ पाहिले होते. तिच्या मते सॉरखा 'बार्टली' एवढंच म्हणाली आणि दाराकडे बघितलं. कोलमनं तो वाचला. बार्टली उठला, दार लावून आला आणि परत बसला. दार लावायला कुणी सांगितलं, हे त्याच्या बसल्यावर लक्षात आलं. मग त्यानं टोपी तोंडावर धरली आणि बराच वेळ काढली नाही.

"हेच का ते?" कोलमनं हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक? पाय उठले."

कोलमनं तसं डब्लिनला कळवलं. उलट टपाली उत्तर आलं : पाय हा मान्य पुरावा नाही, अठरावा पाठ त्रुटित समजून वगळावा. नोकरीत पहिल्यांदाच कोलमनं उत्तर पाठवलं नाही. पान फाडून त्यानं बार्टलीला दिलं. बार्टलीला वाचता येत नव्हतं, त्यामुळे ते सुरक्षित राहिलं.

उरलेले एकवीस पाठ अग्निरोधक कपाटात आहेत. कोंबडीवर दोन व्याख्यानं झाली, गाढवावर पाच. गेल्या नऊ वर्षांत हे बाड एकशे सहा अभ्यासकांनी मागवलं. त्याच दोरीनं बांधलेल्या वहीतली सॉरखाची अकरा नळ्यांची गोष्ट, जी तिनं आजोबांकडून घेतली होती आणि पंचक्रोशीत दुसऱ्या कुणालाच येत नव्हती, ती एकानंही उघडून पाहिली नाही. लोकांच्या या अनास्थेबद्दल साहेबांनी वार्षिक अहवालात खंत व्यक्त केली आहे.

अभ्यासकांना नावं ठेवणं सोपं आहे. तुम्ही तर कोंबडी, गाढव, गोगलगाय सगळं चवीनं ऐकत इथवर आलात. सॉरखा गोष्ट कसली सांगत होती, हे एकदा तरी विचारलंत?