सीतादहीची सोळा गाठोडी

हरिभाऊंना आयुष्यात एकाच गोष्टीची लाज वाटायची, ती म्हणजे त्यांचे आकडे एकमेकांशी कधी जुळत नसत. वर्ध्याच्या एका लहानशा शेतीसंस्थेत ते प्रयोग सहायक होते आणि नोकरी वर्षावर्षाच्या मुदतीची होती. ब्याऐंशी साली त्यांनी कापसाच्या चार तुकड्यांना एकच खत दिलं आणि कापूस निघाला नऊ किलो, चौदा, अकरा आणि सोळा. संस्थेचे मुख्य बंडोपंत साहेब, त्यांनी तो कागद चिमटीत धरून चारही सहायकांसमोर हलवला.

"खत एक, वावर एक, माणूस एक. मंग हे चार आकडे चार दिशेले काऊन पळून राह्यले, हरिभाऊ?"

साहेबांनी मग देवळीकडचा प्रयोग पाहणाऱ्या सहायकाचा, रामाजीचा, कागद वर धरला. बारा, बारा, बारा, बारा. याला काम म्हणतात, असं सांगून त्यांनी जाता जाता हेही सांगितलं, की पुढल्या साली चौघांत जो मागे राहील त्याला मुदतवाढ मिळणार नाही. कोण मागे राहील हे विचारायची कोणाला गरजच पडली नाही. तिघांनीही हरिभाऊंकडे पाहिलं.

आता खरं बोलायचं तर या आकड्यांचं काय करायचं हे शिकवायला संस्थेनं नागपुराहून एक प्राध्यापक आणले होते. अनोव्हा नावाची काही रीत ते फळ्यावर मांडत होते. पण व्याख्यान दुपारचं, आणि जेवणात पुरणपोळी होती. हरिभाऊंना 'फरक' हा शब्द दोनदा ऐकू आला, मग डोळा लागला. जाग आली तेव्हा टाळ्या चालल्या होत्या, त्यांनीही वाजवल्या. एवढ्या शिदोरीवर त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं, की फरक ही वाईट गोष्ट आहे आणि चांगल्या माणसाच्या कागदावर ती दिसता कामा नये.

त्र्याऐंशीचा प्रयोग वडनेरला रूपराव नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात होता. सोळा तुकडे पाडलेले, खताचे प्रकार चार, प्रत्येक प्रकाराला चार तुकडे. पांढऱ्या झेंडीला काहीच नाही, पिवळीला शेणखत, लालला गोणीतलं खत आणि हिरवीला दोन्ही. पहिल्या वेच्याच्या दिवशी बायांनी नेहमीप्रमाणे सीतादहीची पूजा केली. पाच दगड मांडून दहीभात ठेवला, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, झाडाभोवती कापसाची वात गुंडाळली, हात जोडले आणि कापूस वेचायला लागल्या. दुपारी लिंबाखाली काटा टांगला. पांढऱ्या झेंडीच्या तुकड्यांची, पांढऱ्या चिंधीनं बांधलेली चार गाठोडी भरली आठ, बारा, नऊ आणि सात किलो.

वेचणाऱ्या बायांची पुढारीण पंचफुला होती. हरिभाऊंचं तोंड असं उतरलेलं पाहून तिला राहवलं नाही. तिनं विचारलं तेव्हा हरिभाऊ एवढंच म्हणाले, "एकाच रंगाच्या गाठोड्यांत फरक आला का साहेब मले ठेवत नाई, पंचफुलाबाई."

"येवढंच? मंग आज सीतादही हाय. आजच्या दिशी कोणाचं गाठोडं कोणापेक्षा उणं कायले ठेवाव?"

तिनं गाठ सोडली. बायांनी जड गाठोड्यातला मूठमूठ कापूस हलक्यात सारायला सुरुवात केली. इथं हरिभाऊंनी "नको" म्हणायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. पण हा भला माणूस विहिरीकडे तोंड करून उभा राहिला आणि पाणी किती खोल गेलंय ते फार मन लावून पाहू लागला. परत वळले तेव्हा पांढरी चारही गाठोडी नऊ नऊ किलोची होती. पिवळी अकरा, लाल बारा आणि हिरवी चौदा. हरिभाऊंनी सोळा आकडे आपल्या सुवाच्य अक्षरात उतरवले. अक्षर मात्र त्यांचं खरोखर छान होतं.

बोरगाव मेघेच्या घरी येऊन त्यांनी बायकोला, पद्माला, सांगितलं, की औंदा आपण रामाजीच्या पुढं. पद्मानं भाजी फोडणीला टाकायच्या आधी ती बातमी शेजारच्या तीन घरांत पोचवली. हरिभाऊंना घास नीट गिळवेना, पण त्यांनी तो दोष भाजीतल्या तिखटाला दिला.

बंडोपंतांना तर तो कागद पाहून भरून आलं. त्यांनी रूपरावांच्या खळ्यात मेळावाच ठरवला. हिरव्या झेंडीचं खत साऱ्या गावानं घ्यावं असं जाहीर करायचं होतं, आणि रूपराव शब्दाला पक्के, त्यांनी आधीच पंधरा घरांना तयार करून ठेवलं होतं. फक्त शास्त्राची एक खूण हवी म्हणून संस्थेत नव्यानं लागलेल्या संख्याशास्त्राच्या लीनाबाई जीपमधून आल्या. सोबत हाताच्या दांड्यानं फिरवायचं लोखंडी गणितयंत्र होतं. ते बाजेवर मांडलं. भोवती गाव गोळा झालं.

लीनाबाईंनी कागद पाहिला, मग हरिभाऊंकडे पाहिलं, मग पुन्हा कागद पाहिला. बेरजा केल्या, यंत्राचे खटके लावले आणि दांडा हरिभाऊंच्या हातात दिला.

"खताखतांत जो फरक आहे त्याला, एकाच खताच्या चार तुकड्यांत आपसात जो फरक आहे त्यानं भागायचं आहे. तुम्ही फिरवा. दर फेऱ्याला भागणारा आकडा एकदा वजा होतो. वजा करायला पुरेसं उरलं नाही की घंटी वाजते, मग थांबा," असं म्हणून त्या चहा घ्यायला बसल्या.

हरिभाऊंनी दांडा फिरवला. वीस फेरे झाले, पन्नास झाले. घंटी वाजेना. एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं मोजायला घेतलं, तो शंभरावर जाऊन थकला. हरिभाऊंचा सदरा पाठीला चिकटला. एवढे फेरे म्हणजे निकाल फारच जोरदार असणार, असं साहेब आजूबाजूला सांगू लागले.

रूपराव जवळ येऊन वाकून बघत म्हणाले, "दळण जरा बारीक करून राह्यले काय, हरिभाऊ?"

खळं हसलं. साहेबांनी चिडून यंत्र बिघडलंय म्हटलं, तेव्हा लीनाबाईंनी कप खाली ठेवला.

"यंत्र चांगलं आहे, सर. भागणारा आकडाच शून्य आहे, एका रंगाच्या चार गाठोड्यांत काही फरकच नाही. शून्यानं भागायला बसले तर ते सालभर फिरवत राहतील."

मग त्यांनी रूपरावांना विचारलं, की तुमच्या वावरात काहीच न टाकता या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत कापूस सारखा येतो का? रूपरावांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. विहिरीजवळची पऱ्हाटी छातीला लागते आणि लिंबाखालची गुडघ्याला, हे वडनेरात कोणालाही ठाऊक होतं.

"मग हिरवीला पाच किलो जास्त आले, ते खतानं दिले का विहिरीनं, हे कसं ओळखायचं?"

रूपराव विचारात पडले. तंबाखू तशीच तळव्यावर राहिली. "सारखं खत टाकूनही वावर आपल्या मनानं किती कमीजास्त देते ते आधी पाहा लागन," ते हळूहळू म्हणाले. "खताचा फरक त्याच्याहून लय मोठा दिसला, तं मानू का खतानं केलं. नाई तं ते वावराचंच म्हणा लागन."

"एवढंच आहे सगळं. आपसातला फरक हेच आपलं माप. या कागदावरून ते कोणीतरी पुसून टाकलंय."

बायांच्या घोळक्यातून पंचफुला उभी राहिली. तिला यात लपवण्यासारखं काहीच वाटत नव्हतं. "आमीच सारखे केले, बाई. ह्या हरिभाऊ साहेबाची नौकरी जाऊन राह्यली होती ना."

हरिभाऊंच्या हातात दांडा तसाच होता. लाजेनं त्यांना, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. पण या बाईनं आपल्यासाठी केलं आणि आता चूक तिच्या माथी जाते आहे, हे मात्र त्यांना सोसवेना.

"तिचा काई दोष नाई," ते म्हणाले. "मले दिसत होतं. मीच पाठ फिरवून विहिरीत पाहत राह्यलो. ते खत कोणी घेऊ नका. मले काईच माहीत नाई."

बंडोपंत लालबुंद झाले. इतकी वर्षं सांगतो रामाजीकडून शिका, रामाजीचा कागद पाहा, असं त्यांनी सुरू केलं. लीनाबाईंनी पिशवीतून तीन फायली काढून बाजेवर ठेवल्या.

"चार दिवस झाले, सर, मी उरलेल्या तिघांचे आकडे या यंत्रावर फिरवतेय. घंटी एकदाही वाजली नाही. रामाजींच्या तर तीन वर्षांच्या कागदांवर वाजत नाही."

साहेबांनी कप उचलून तोंडाला लावला. तो केव्हाचाच रिकामा होता, तरी त्यांनी सावकाश प्यायला.

दुसऱ्या वेच्याला कोणी कोणाच्या गाठोड्याला हात लावला नाही. सोळा आकडे सोळा दिशांना पळाले. हरिभाऊंनी दांडा धरला आणि दुसऱ्याच फेऱ्याला घंटी वाजली. म्हणजे खताचा फरक वावराच्या आपल्या फरकाहून फारसा मोठा नव्हता. मग खत घ्याव का नाई, असं रूपरावांनी विचारलं. अजून सांगता येत नाही, असं हरिभाऊ म्हणाले, आणि रूपरावांनी त्यांना जेवायला थांबवून घेतलं.

महिन्याभरानं संस्थेचं पत्र आलं. पद्मा समोर बसली होती म्हणून हरिभाऊंना ते मोठ्यानं वाचावं लागलं. चारही सहायकांच्या कामात परस्परांत कोणताही फरक आढळून आला नाही, सबब चौघांनाही एक वर्षाची मुदतवाढ देण्यात येत आहे.

पद्माचा चेहरा फुलला. ती पायात चपला सरकवू लागली. "म्हणजे तुमी रामाजीएवढे हुशार निघाले म्हना की. सांगून येतो शेजारी."

"नको जाऊ," हरिभाऊ पत्राची घडी घालत खालच्या मानेनं म्हणाले. "रामाजी माह्याएवढा निघाला."