शेवटची वीस मिनिटं

रहस्यपट लोकांना का आवडतो, हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं माझं ठाम मत होतं. धंद्याने मी चष्मेवाला, पण दर रविवारी दुकानामागच्या खोलीत आमच्या चित्रपट मंडळाला जुने सिनेमे दाखवतो आणि आधी अर्धा तास बोलतो. मंडळी ते सहन करतात. मी सांगतो, खून महत्त्वाचा नसतो. माणसाला खुर्चीत धरून ठेवते ती एकच गोष्ट, पुढे काय होणार ही टोचणी.

ही टोचणी मी माझ्या वडिलांवर वापरली.

त्यांची बायपास दुसऱ्या दिवशी सकाळी होती. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. "उठलो नाही तर?" एवढंच विचारत होते. मी ठरवलं, यांना उठायला कारण द्यायचं. दुपारी मोबाईलवर एक जुना कृष्णधवल रहस्यपट लावला. खाणावळीची मालकीण मरते आणि तिथे राहणाऱ्या पाच जणांपैकी एकाने ते केलेलं असतं. शेजारच्या खाटेवरचे निवृत्त बस ड्रायव्हर सलाईन सांभाळत इतके सरकले, की निम्मे आमच्याच खाटेवर आले. त्यांना भेटायला कुणी येत नसे.

शेवटची वीस मिनिटं राहिली आणि मी मोबाईल बंद केला.

"उरलेलं ऑपरेशननंतर," मी म्हणालो.

बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मालकिणीला मीच मारलं होतं. तासाभराने सिस्टर रक्तदाब बघायला आल्या. त्यांनी यंत्र दोनदा बदललं, आकडा बदलला नाही.

"काय दाखवलंत यांना?"

मी सांगितलं.

"मग खुनी कोण ते सांगून टाका. आत्ता."

आता हा माझ्या तत्त्वाचा प्रश्न होता. मी बाबांच्या कानात मुद्दाम चुकीचं नाव सांगितलं, म्हातारा मास्तर.

"तो? तो लंगडा आहे. जिना कसा चढला?" बाबा उठून बसले. "दार आतून बंद होतं, त्याचं काय?"

आकडा आणखी वर गेला. सर्जन आले, कागद बघितला, मला बघितलं आणि ऑपरेशन एक दिवस पुढे ढकललं. बायकोला फोनवर हे सांगताना मी 'तांत्रिक कारण' असा शब्द वापरला.

निघताना ड्रायव्हरकाकांनी माझी बाही धरली. "मला तरी खरं सांगा. मी यांना बोलणार नाही."

"काका, सांगितलं की मजा गेली. ऑपरेशन झालं की तिघं मिळून बघू."

"बरं," ते म्हणाले आणि बाही सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खाटेवर नवी चादर होती. पहाटेच गेले होते. मी सिस्टरना बाजूला घेऊन विचारलं, "सिनेमामुळे तर नाही ना?"

"नाही हो. त्यांचं हृदय कधीचंच थकलं होतं." मग म्हणाल्या, "काल रात्री मात्र तीनदा विचारत होते, तुम्ही कधी येणार म्हणून."

बाबांना सांगितलं, काकांना वरच्या मजल्यावर हलवलंय. ऑपरेशन व्यवस्थित झालं. तिसऱ्या दिवशी बाबांच्या नळ्या निघाल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी रिकाम्या खाटेकडे बघितलं.

"ड्रायव्हरना शेवट सांगितलास का?"

"सांगितला."

"खरा?"

"खरा. तो शिंपी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मला आधीपासून त्याच्यावरच संशय होता."

बाबांनी पाण्याचा पेला बाजूला ठेवला.

"त्यांचा संशय स्वयंपाकिणीवर होता," ते म्हणाले. "कधी गेले?"

मी खरं ते सांगितलं. बाबांनी कूस बदलायचा प्रयत्न केला, टाके ओढले गेले, तसेच पडून राहिले.

मंडळात हल्ली मी बोलत नाही. सिनेमा लावतो आणि मागे बसतो. मध्येच कुणाला उठून जावं लागलं, तर त्याच्यामागे दारापर्यंत जातो आणि शेवट सांगून टाकतो. लोक वैतागतात. दोघांनी तर वर्गणीच बंद केली.