चुकेल तिला पेढा

आमच्या परब मॅडम चूक करणारीला पेढा देतात.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या दुकानांच्या डोक्यावर आमचं हॉस्पिटल आहे. तिथे दोन नर्सचं काम एकीने ओढायचं, ही रीत. चूक झाली की पगार कापायचा, हीही रीतच. त्यामुळे आमच्याकडे चुका होतच नसत. निदान कोणी सांगत नसे.

मॅडम इनचार्ज म्हणून आल्या आणि सकाळी ड्यूटी बदलताना त्यांनी शिवमंदिराजवळून आणलेला पेढ्यांचा डबा उघडला. "चला, कोणाचं काय चुकलं? पहिली मी. काल नऊ नंबरचं सलाईन संपलेलं मला दिसलंच नाही." एवढं बोलून स्वतःच एक पेढा खाल्ला. आम्हाला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. पेढ्याच्या आशेने साफसफाईच्या सविता मावशी रोज सांगू लागल्या, "मॅडम, मी फडकं विसरले." मॅडम म्हणायच्या, "मावशी, खरी चूक आणा."

गेल्या महिन्यात खरी आली. शिरगावहून येणाऱ्या काजलने, सलग दुसरी ड्यूटी ओढताना, चार नंबरचं इन्सुलिन सहा नंबरच्या आजींना दिलं. आजींना डायबिटीस नव्हताच. काजल धावतच मॅडमकडे आली. लगेच ग्लुकोज चढवलं आणि दुपारी आजी चहा पांचट आहे म्हणून माझ्याशी भांडल्या. भांडण ऐकून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

मोठे डॉक्टर मात्र तडकले. "इसको आज के आज निकालो."

मॅडम दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "काढा साहेब. चुका होतच राहतील, फक्त पुढची आपल्याला कळणार नाही."

डॉक्टर पुटपुटत निघून गेले. काजल राहिली, पण पेढा काही तिने घेतला नाही. मॅडमनी तो कागदात गुंडाळून तिच्या पर्समध्ये ठेवला.

मला रागच आला. "मॅडम, आजी गेल्या असत्या तर? तरी पेढाच?"

त्या डब्याचं झाकण लावत राहिल्या. "आमचे हे असेच गेले गं. दुसऱ्या हॉस्पिटलात, चुकीच्या इंजेक्शनने. देणारी पोरगी दाराशी उभी होती. दोनदा पुढे आली, दोनदा मागे फिरली. तेव्हाच बोलली असती तर वाचले असते."

झाकण लागलं होतं, तरी त्या ते दाबतच होत्या.

"तिला कधी कोणी पेढा दिला नसेल."